एक्कावन्न मणी आणि अळीचा वाटा



गेल्या आषाढीच्या वाटेवर, मंगळवेढ्याच्या अलीकडच्या मुक्कामी, आमची दिंडी एका शाळेच्या व्हरांड्यात उतरली होती. हरिपाठ झाला होता, पंगत बसायची होती. मी पिशवीतून माझे छोटे मडके काढले. त्याला ओले फडके गुंडाळलेले असते आणि आत इन्सुलिनची बाटली असते. फ्रिज वारीत कुठून आणणार? मडक्याची युक्ती डॉक्टरांनीच सांगितलेली आहे. पोटाला सुई टोचून घेत होतो, तेवढ्यात आमच्या विणेकरीबुवांचा नातू शेजारी येऊन उभा राहिला. पोरगा बारावीला, शास्त्र शाखेचा. माळ यंदाच घातलेली. म्हणाला, "आबा, हे माळकऱ्याला चालते का?"

"न चालायला काय झालं?"

"आमच्या सरांनी सांगितलं, पहिले हे गाईच्या अन् डुकराच्या पोटातून काढत."

"आता नाही काढत," एवढे म्हणून मी वेळ मारून नेली. पोरगा पंगतीत गेला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. हा प्रश्न आमच्या घराने चाळीस वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता आणि त्याची किंमत मोजली होती.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, नवव्या वर्षापासून माळकरी. पंढरीची वारी चुकली नाही, एकादशी चुकली नाही. १९८५ च्या सुमारास त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि इन्सुलिन सुरू करायला सांगितले. आठ-दहा दिवस त्यांनी ते घेतलेही. जखम सुकू लागली. मग कोणीतरी त्यांना सांगितले की हे औषध कत्तलखान्यातल्या जनावरांच्या पोटातून येते. त्यांनी डॉक्टरांना जाऊन विचारले. डॉक्टर खोटे बोलले नाहीत. मोठे बाबा घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "गळ्यात तुळस अन् रगतात गाय, असं कसं जमन बापा?"

वडील त्यांना आमच्या फडाच्या महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी फार विचार करून सांगितले की, माळ जिभेच्या चोचल्याला बांध घालण्यासाठी आहे, जीव घालवण्यासाठी नव्हे. औषध म्हणून घ्या, पाप लागले तर ते माझ्या माथी. मोठ्या बाबांनी त्यांच्या पायावर डोके ठेवले. म्हणाले, "महाराज, तुमचं खरं हाये. पण हात उचलत नाही." पुढच्या पोळ्यापर्यंत ते राहिले नाहीत. आधी पाय गेला, मग ते गेले.

त्यांचे बरोबर की चूक, याचा निकाल आमच्या घरात कधी लागला नाही. वडील शेवटपर्यंत म्हणत, दादा हट्टाने गेला. आई म्हणे, ते नेमाने गेले. मी शाळेत मास्तर होतो, मला दोघांचेही पटे आणि दोघांचेही पटत नसे. आज सत्तरीला आल्यावर, स्वतः तेच औषध घेताना, त्या प्रश्नाकडे पुन्हा बसून पाहावे असे वाटले. बियाण्यात आणि औषधात आता जिवांचे गुणधर्म इकडून तिकडे नेण्याची विद्या आली आहे. त्या विद्येला आपण, पांडुरंगाचे म्हणवणारे, कोणत्या डोळ्याने पाहावे?

आधी औषधाचे सांगतो. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यातून एक रस रक्तात जातो, तोच इन्सुलिन. तो आटला की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, साखर रक्तातच फिरत राहते. शंभर वर्षांपूर्वी ज्या लेकराचा हा रस पुरता आटे, ते थोड्याच काळात सुकून मरे. डॉक्टर त्याला जवळजवळ उपाशी ठेवून दिवस वाढवत, एवढाच उपाय होता. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हा रस वेगळा काढला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचला. मरणाच्या दारातला मुलगा उठून बसला. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना आवडेल अशी: या शोधाचे हक्क शोधकांनी टोरांटो विद्यापीठाला एक-एक डॉलर घेऊन देऊन टाकले. औषध सर्वांना मिळावे, कोणी एकाने अडवून बसू नये, हा हेतू होता.

पण तो रस यायचा कत्तलखान्यातून. गाईंची आणि डुकरांची स्वादुपिंडे ढिगाने गोळा करायची, कुटायची, गाळायची, तेव्हा कुठे चिमूटभर औषध. साठ वर्षे जगात हेच चालले. मोठ्या बाबांना जे टोचले तेही त्यातलेच. आता इथे एक खरे बोलले पाहिजे. ती जनावरे इन्सुलिनसाठी कापली जात नव्हती. ती मांसासाठी कापली जात आणि एरवी फारसा कामाला न येणारा भाग औषधाच्या कारखान्यात जाई. मोठ्या बाबांच्या नकाराने एकही गाय वाचली नाही. वडिलांचा हाच मुद्दा होता. पण आईचे म्हणणे असे की, गाय वाचावी म्हणून त्यांनी सुई नाकारलीच नव्हती. त्यांना स्वतःचा वाटा त्यात नको होता. हिशेबाने पाहिले तर आईचा मुद्दा टिकत नाही. पण आपण एकादशी तरी कुठल्या हिशेबाने करतो?

१९७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी वेगळाच मार्ग काढला. माणसाच्या शरीरात इन्सुलिन कसे घडवायचे याचा जो लेख प्रत्येक पेशीत असतो, त्याची नक्कल त्यांनी प्रयोगशाळेत तयार केली आणि ती एका जिवाणूच्या आत बसवली. हा जिवाणू आपल्या आतड्यात राहणाऱ्यांपैकीच, ई. कोलाय नावाचा. तो लेख वाचून जिवाणू स्वतःच मानवी इन्सुलिन घडवू लागला. १९८२ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. म्हणजे मोठे बाबा इथे हात आखडून बसले होते, तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर बाटलीत भरून विकले जात होते. आमच्या तालुक्यापर्यंत यायला त्याला पुष्कळ वर्षे लागली. पुढे २००३-०४ पासून ते भारतातही बनू लागले.

माय-माउल्यांना हे समजणे अवघड वाटेल म्हणून सांगतो, हे विरजणासारखे आहे. दुधात चमचाभर दही घातले की रात्रभर कोणीतरी काम करते आणि सकाळी दही तयार असते. ते काम जिवाणूच करतात. गोपाळकाल्याचे दही खाताना आपण त्यांना कधी विचारले नाही. कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांत त्याच जातीचे काम चालते. फरक इतकाच की दह्याचा जिवाणू आपला स्वभाव करतो आणि या जिवाणूच्या हाती माणसाने आपली चिठ्ठी दिलेली आहे. हा फरक लहान नाही, हे मी विसरलेलो नाही. त्याकडे पुढे येतो.

मला थक्क केले ते दुसऱ्याच गोष्टीने. इन्सुलिन म्हणजे ५१ मण्यांची माळ आहे असे समजा. एक सर २१ मण्यांचा, दुसरा ३० चा, आणि दोन्ही एकमेकांत गुंतवलेले. माणसाची माळ आणि डुकराची माळ शेजारी ठेवली तर ५१ पैकी फक्त एक मणी वेगळा निघतो. गाईचे तीन मणी वेगळे. बाकी सगळे तेच, त्याच क्रमाने. म्हणून तर डुकराचा रस माणसाला चालत होता. आणि त्याहून पुढची गोष्ट ही की, माणसाचा लेख जिवाणूला वाचता येतो. मुंबईचा माणूस मद्रासला गेला तर पाटी वाचता येत नाही, पण माणसाच्या पेशीतली लिपी आतड्यातल्या जिवाणूला येते, पऱ्हाटीच्या झाडाला येते, मुंगीला येते. सगळ्या सजीवांची बाराखडी एकच निघाली.

आता कीर्तनात कोणी उभे राहून सांगेल की पाहा, माउलींनी सातशे वर्षांपूर्वी जे सांगितले तेच विज्ञानाने सिद्ध केले. मी असे म्हणणार नाही. संतांनी सर्वांभूती एक पाहिला तो सूक्ष्मदर्शकाने नव्हे, आणि त्यांच्या अनुभवाला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. उद्या विज्ञानाने आपले मत बदलले तर आपण काय ज्ञानेश्वरी बदलणार आहोत? मला म्हणायचे आहे ते साधे आहे. ज्याला आपण डुक्कर म्हणून दगड मारतो, त्याच्यात आणि आपल्यात या औषधापुरते एका मण्याचे अंतर आहे, हे कळल्यावर दगड उचलताना हात जरा अडखळायला हवा. मोठ्या बाबांचा हात हे काही न कळताच अडखळला होता.

तेव्हा औषधाच्या बाबतीत माझे मन बऱ्यापैकी स्वच्छ आहे. या विद्येने कत्तलखान्याची वाट सोडवली. आपल्या हजारो कीर्तनांनी जे साधले नसते ते एका जिवाणूने साधले. काविळीच्या एका घातक प्रकारावरची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टच्या पेशींतून तयार केली आणि परदेशी लशीपेक्षा पुष्कळ स्वस्तात दिली, तेही याच विद्येचे देणे. यात मला परमेश्वराच्या कामात ढवळाढवळ दिसत नाही. आजारी माणसाला बरे करणे ही ढवळाढवळ असेल, तर वैद्याचा काढाही तीच आहे.

शेतीकडे वळलो की मात्र माझी जीभ जड होते. तिथे मी ऐकलेले सांगत नाही, केलेले सांगतो.

आमची साडेचार एकर कोरडवाहू, काळी जमीन. कापूस हेच पीक. १९९० च्या पुढची वर्षे आठवली की अजून नाकात औषधाचा वास येतो. हिरवी बोंडअळी इतकी की फवारे मारमारून माणसे आजारी पडत, अळी मरत नसे. ओंजळीत अळ्या वेचून रॉकेलात टाकल्या आहेत. सकाळी काकड्याला "जीवमात्र" म्हणायचे आणि दुपारी पाठीवर पंप बांधून जीव मारायला निघायचे, हे आम्ही वर्षानुवर्षे केले. भूतदयेवर बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की कापूसकरी वारकऱ्याला ती परवडत नव्हती.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. मातीत एक जिवाणू असतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याला हे नाव पडले. तो एक प्रथिन तयार करतो; ते बोंडअळीच्या पोटात गेले की तिच्या आतड्याला छिद्रे पडतात आणि ती मरते. माणसाच्या, गुराच्या पोटात ते तसे काम करत नाही, कारण ते प्रथिन ज्या जागी चिकटते ती जागाच आपल्या आतड्यात नाही. त्या जिवाणूचा हा एक गुण कापसाच्या बियात आणून बसवला. आमच्या जालन्याच्या महिकोने अमेरिकेच्या मोन्सँटोबरोबर हे बियाणे आणले. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांच्या वर मोजावे लागत. पुढे आंध्र सरकार भांडले तेव्हा २००६ मध्ये भाव साडेसातशेवर आला.

पहिली काही वर्षे काय सांगू! पंप खुंटीला लागला. बोंडे टपोरी. मी २००५ ला पेरले आणि त्या वर्षी कर्ज फिटून वारीला वर पैसे उरले. गावात लोक म्हणत, विठोबा पावला. ते बियाणे वाईट होते असे जो म्हणेल त्याला मी माझ्या त्या वर्षांची साक्ष देईन.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या मोठ्या पाकिटाबरोबर एक छोटे पाकीट येई, १२० ग्रॅमचे. त्यात साधे बियाणे, बीटी नसलेले. नियम असा होता की शेताच्या कडेने त्याच्या पाच ओळी किंवा पेऱ्याच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे साधे बियाणे लावायचे. कृषी सहायक त्याला "आश्रय पीक" म्हणत. कोणाचा आश्रय? अळीचा. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्ही सगळे हसलो. एवढे पैसे मोजून अळी मारायचे बी आणायचे आणि वर तिला राहायला जागा द्यायची?

पण त्यामागे मोठी सूक्ष्म योजना होती. हजारो-लाखो अळ्यांत एखादी अशी निघते की तिला हे विष बाधत नाही. शेतात सगळाच बीटी कापूस असेल तर बाकीच्या मरतात आणि अशाच अळ्या उरतात. त्यांचा संसार आपसांत होतो आणि त्यांची सगळी प्रजा विष पचवणारी निघते. कडेच्या पाच ओळींत साध्या अळ्या जगल्या, तर विष पचवणाऱ्या एखादीचा जोडा त्या साध्यांशी जमतो, आणि त्यांची लेकरे पुन्हा विषाला बळी पडतात. म्हणजे शत्रूला थोडी जागा दिली तरच तो आटोक्यात राहतो. तुकोबांच्या चरित्रात येते की त्यांना शेत राखायला माळ्यावर बसवले आणि त्यांनी पाखरांना हाकललेच नाही, उलट त्यांच्या पाण्याची सोय पाहिली. ती गोष्ट आम्ही कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. इथे शास्त्रज्ञ सरकारी पत्रकावर छापून तेच सांगत होते, पाखरांच्या जागी अळी होती इतकेच, आणि आम्ही हसलो.

ते छोटे पाकीट मी कधीही लावले नाही. गोठ्याच्या कोनाड्यात टाकायचो. उंदीर खात. एक-दोन वर्षांनी कोनाड्यात रिकामी प्लास्टिकची पाकिटे साचली की पोळ्याला गोठा झाडताना पेटवून द्यायचो. माझ्या गावातल्या कोणीच लावले असेल असे वाटत नाही.

याला हावरेपणा म्हणावा का? अनेक वर्षे मी स्वतःला तसेच बोल लावले. आता थोडे वेगळे वाटते. साडेचार एकरांतला वीस टक्के म्हणजे जवळजवळ एक एकर. सावकाराचे बाराशे-पंधराशे डोक्यावर असताना एक एकर अळीला सोडायची, ती पुढच्या दहा वर्षांनी सगळ्यांचे भले व्हावे म्हणून, आणि शेजारी सोडतो की नाही याची खात्री नाही. तुकोबा पाखरांसाठी उठले नाहीत, पण धनी ज्याचे पीक ते मागायला आला होता, हेही त्याच गोष्टीत आहे. भीतीने केलेल्या गोष्टीला हाव म्हणणे सोपे असते. त्यात त्या छोट्या पाकिटातले बी कित्येकदा उगवतही नसे अशी तक्रार होती. आणि ज्यांनी हा नियम केला त्यांनी तो पाळला जातो का हे पाहायला कोणी ठेवले नव्हते. एवढे सगळे धरूनही, पाकीट माझ्या हाताने कोनाड्यात गेले, हे उरतेच.

शेंदरी बोंडअळी ही तशी कापसावरच जगणारी. तिला दुसरे घर जवळपास नाही, त्यामुळे तिच्यासाठी त्या पाच ओळी फार मोलाच्या होत्या. त्यात आम्ही फरदड ठेवू लागलो. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची ती पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवायची, आणखी दोन क्विंटल निघतात म्हणून. अळीला बारमाही घर मिळाले. गुजरातेत आधी पहिल्या प्रतीचे बियाणे हरले. २००६ मध्ये दोन विषे असलेले दुसरे बियाणे आले होते, काही वर्षांत तेही हरले. २०१७ च्या दिवाळीला आमच्या शेतात फुले उमलेनात, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या पीळ घालून बसल्या. डोमकळ्या त्या. बोंड फोडले की आत सरकी पोखरलेली आणि गुलाबी अळी. कापूस पिवळा, कवडी झालेला. वेचायला बाया लावल्या तर मजुरीही निघेना. मी उभ्या पिकात गुरे सोडली. त्या वर्षी कार्तिकी चुकली.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. ज्या बियाण्यापायी आम्ही पंप खुंटीला लावले होते, त्याच कापसात पंप पाठीवर घेऊन माणसे मेली. यात केवळ अळीचा दोष नाही, औषधांची भेसळीची मिश्रणे, वाढलेले पीक, अंगावर ना मुखवटा ना हातमोजे, असे पुष्कळ आहे. पण मला ते एकाच साखळीचे टोक वाटते.

आता "जिवांची सरमिसळ करणे हाच अधर्म" असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या काही मंडळींना माझे सांगणे आहे. सरमिसळ माणूस फार पूर्वीपासून करत आला आहे. १९७० मध्ये सुरतेत एच-४ हा जगातला पहिला संकरित कापूस पेरणीला आला, तोही आपल्या बापजाद्यांनी पेरला, आणि कोणी प्रायश्चित्त घेतले नाही. मातीतल्या जिवाणूचा गुण झाडात नेणे ही त्याहून लांबची उडी आहे, कबूल. लांब उडी मारणाऱ्याने खाली पाहून मारावी, हेही कबूल. म्हणून २००९ मध्ये बीटी वांग्याला समितीने हिरवा कंदील दाखवला, तेव्हा त्या वेळचे मंत्री जयराम रमेश यांनी नागपुरासह सात शहरांत लोकांचे ऐकून घेतले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते थांबवले, ते मला योग्य वाटले. बांगलादेशातले शेतकरी २०१४ पासून ते लावत आहेत. तिकडचा अनुभव नीट पाहून पुढेमागे आपण ते घेतले, तरी मी ओरडणार नाही. सावतोबांनी मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहिला, तो भाजीचे कूळ विचारून पाहिला नव्हता.

मला खुपते ते दुसरीकडे. इन्सुलिन काढणाऱ्यांनी हक्क एका डॉलरला दिला. पुढे त्याच औषधाच्या नव्या नव्या प्रकारांवर कंपन्यांनी किती भाव लावले ते रुग्णांना विचारा. बियाण्याचेही तसेच. संकरित बीटीची सरकी ठेवून पेरली तर पुढच्या वर्षी तसे पीक येत नाही, म्हणून दर मृगाला दुकानाच्या दारात उभे राहायचे. माझी आई देशी कापसाची सरकी राखेत घोळून, गाडग्यात भरून आढ्याला टांगायची, आणि अक्षय्य तृतीयेला शेजारणींना ओंजळ-ओंजळ द्यायची. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे. हक्क कागदावर आहे, गाडगे रिकामे आहे. ज्या बाराखडीत मुंगी, पऱ्हाटी आणि मी लिहिलेले आहोत, तिच्यातल्या एका अक्षराचे भाडे कोणी घ्यावे, हे मला पटत नाही. ज्यांनी वीस-वीस वर्षे खपून ते अक्षर शोधले त्यांच्या घरची चूल कशी पेटावी, असे माझा मुलगा विचारतो. तो बियाण्याच्याच दुकानात कामाला आहे. सरकारने संशोधन करावे, विद्यापीठांनी बियाणे द्यावे, असे मी म्हणतो. तो म्हणतो, "दिलं असतं तर तुम्ही दुकानात आले असते का बाबा?" याच्यावर मजजवळ उत्तर नाही.

आता आश्रयाचे बियाणे वेगळ्या पाकिटात येत नाही. मोठ्या पाकिटातच थोडे मिसळून देतात. कोनाड्यात टाकायची सोय उरली नाही. अळीचा वाटा आता शेतकऱ्याला न विचारता निघतो. यंदा पेरताना मी मूठ उघडून पाहत होतो, यातले अळीचे दाणे कोणते. रंग एकच, ओळखू आले नाहीत.

पोराला मी सकाळी, वाटेने चालताना, मोठ्या बाबांची सगळी हकीकत सांगितली. मण्यांचेही सांगितले. तो बराच वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "आबा, ते आज असते तर घेतलं असतं का?" मी म्हणालो, घेतले असते बहुधा, आता त्यात गाय नाही. "पण जिवाणू तर मारतातच ना औषध काढताना?" तो म्हणाला. तेवढ्यात पुढच्या दिंडीचा अभंग सुरू झाला आणि त्याने टाळ हातात घेतले.

मोठ्या बाबांची माळ आमच्या देवघरात पांडुरंगाच्या तसबिरीला घातलेली आहे. रोज सकाळी तिथेच खाली बसून मी सुई भरतो. टोचताना पाठ देवघराकडे असते. तशी बसायची सवय कधी लागली, आठवत नाही.